काच हातात असताना

तळहाताहून मोठे तुकडे सव्वीस होते. त्याहून लहान तुकडे मी एकशे चाळीसपर्यंत मोजले आणि मग सोडून दिले, कारण त्यापुढे नुसता चुरा होता. काचेला चिकटवून धरायच्या रबरी मुठी चार. त्यांतल्या दोन अजून आपापल्या तुकड्यांना घट्ट धरून बसल्या होत्या. रक्त कुठेच नव्हतं. दाराच्या उजव्या चौकटीवर, जमिनीपासून अठ्ठावीस सेंटिमीटरवर, लाकडात ताजी खोच पडली होती. उभी माणसं तीन होती: कारखान्याच्या मालकीणबाई, पहिलवान आणि माझे काका. काकांच्या हातात झाडू होता, पण ते झाडत नव्हते.

काच दोन मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि दहा मिलिमीटर जाड होती. वजन साठ किलोच्या वर. अशी काच दोघांनी उभी धरून न्यायची असते, एक पुढे, एक मागे. काका गेली बावीस वर्षं मागचा माणूस होते. पुढचा माणूस म्हणजे माझे बाबा, काकांचे थोरले भाऊ. त्या दिवशी बाबा घरी होते, कारण पट्टी कापायला कटर उचलताना त्यांचा हात पलीकडे गेला आणि तळव्याला सहा टाके पडले. त्यांच्या जागी पहिलवान होता. त्याच्या मनगटाला माझी दोन बोटं वेढा घालू शकतील, म्हणून त्याला पहिलवान म्हणतात.

मालकीणबाईंनी मला फोन करून बोलावलं होतं. मी इस्पितळाच्या चाल-प्रयोगशाळेत काम करते, म्हणजे माणसं चालतात कशी ते मोजते. कारखान्यात मात्र सगळे मला डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि ते कौतुकानं नसतं.

"तोंडाचा वास घेतला मी ह्यांच्या," मालकीणबाई म्हणाल्या. "काही आला नाही. पण हल्लीच्या दारवांना वास येतोच असं नाही."

"बाई, मी पीत नाही," काका म्हणाले.

"तुमचे वडीलही नाहीच म्हणायचे. अख्खी गल्ली त्यांना डुलक्या म्हणायची, मीसुद्धा लहानपणी म्हटलंय. रक्त कुठे जातंय?"

काकांनी झाडू भिंतीला टेकवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. आजोबांमुळे काकांनी आयुष्यात दारूच्या दुकानाच्या बाजूनं रस्तासुद्धा ओलांडला नव्हता. लग्नाच्या पंगतीत कुणी ग्लास पुढे केला तर ते उठून जात, आणि एकदा सरबताच्या ग्लासावरून उठून गेले होते, तो किस्सा आमच्याकडे अजून सांगतात.

"पण मी तर सरळ चालत होतो," पहिलवान म्हणाला. "दार समोर, मी मधोमध. मागून ह्यांनीच वळवलं. सुकाणू फिरवावं तसं."

"मी कशाला वळवू?"

"ते तुम्हालाच ठाऊक, काका."

मालकीणबाईंनी निकाल दिला. काकांनी तूर्त कडा घासायच्या, काच उचलायची नाही. मी त्यांचे पाय तपासून सांगायचं. पाय ठीक निघाले तर काम चालू, नाहीतर त्यांनी आपली सोय बघावी. "जीव जायचा कुणाचा तरी," त्या म्हणाल्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काच हातात असताना कोण बोललं?"

हा त्यांचा नियम होता. काच हातात असताना बोलायचं नाही. मागच्यानं पुढच्याला टोकायचं नाही, पुढच्यानं मागे वळून बघायचं नाही. बोललं की श्वास बदलतो, श्वास बदलला की पाऊल बदलतं, आणि काचेला ते लगेच कळतं. बावीस वर्षं ते दोघे एकमेकांशी एक शब्द न बोलता काचा वाहत आले होते. एकही फुटली नव्हती.

"कुणी बोललं नाही, दादा," काका म्हणाले.

"मग पहिलवानाचाच दोष. उचलायला दिलं की उचलतात, चालायला येत नाही लेकाच्यांना."

"भावोजी, तुम्ही आधी चहा घ्या," आई म्हणाली. "बाई बोलल्या ते मनावर घेऊ नका. त्यांची जीभच कटर आहे."

काका हसले नाहीत. बाबांनी आपला कप दोन्ही हातांनी उचलला. टाके आहेत म्हणून, असं मला वाटलं. टाके उजव्या हाताला होते आणि डगमगत होता तो डावा, हे मी पाहिलं होतं. पण जे मोजायला आपण बसलेलो नसतो, ते दिसूनही नोंदलं जात नाही.

प्रयोगशाळेत दहा मीटरची एक पट्टी आहे. तिच्याखाली दाब मोजणारी चटई आणि वर कॅमेरे. माणसाच्या सांध्यांना चमकणारे छोटे गोळे चिकटवले की त्याची चाल पडद्यावर ठिपक्यांची होऊन दिसते.

"काय गं, नवरदेव करतेस की काय मला?" काकांनी गुडघ्यावरचा गोळा बोटानं हलवून पाहिला. "ह्या वयात कोण मुलगी देणार?"

"हलू नका हो. निघाला तर पुन्हा चिकटवावा लागतो, आणि ह्या वेळी केसांसकट."

आमच्या मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांनी, त्यांना तपासलं. डोळे मिटून बोट नाकाला लावणं, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून सरळ खाली नेणं, टाचेला अंगठा लावत रेघेवरून चालणं. काका त्यांच्या वयाच्या मानानं फार चांगले निघाले. रेघेवर ते चालले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ह्यांना सर्कशीत घाला." काका लाजले. त्या आठवड्यात त्यांचा चेहरा सैल झालेला मी तेव्हाच पाहिला.

पण काच तर फुटली होती. म्हणून मी दोन मीटरची प्लायवुडची फळी आणली. पुढचं टोक मी धरलं, मागचं काकांनी, आणि आम्ही पट्टीवरून चालत गेलो, न बोलता. मी सरळ चालत होते याची खात्री कॅमेऱ्यानं दिली. तरी शेवटी फळीचं पुढचं टोक रेघेच्या उजवीकडे चौदा सेंटिमीटर गेलेलं होतं.

"तू ओढलंस," काका म्हणाले.

"नाही काका, तुम्ही लोटलंत."

"मी? मी नुसता धरून होतो. आईशप्पथ."

ते खरंच बोलत होते. चौदा आलं. पुन्हा चाललो, तेरा आलं. मग अकरा, अकरा, आठ. बाराव्या फेरीत शून्य. काका एका बाकावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले की आता कुठे जमलं, तू जरा नीट धरायला लागलीस.

मी पडद्यावरचे आलेख एकावर एक ठेवले. माझं डावं पाऊल टेकण्याआधी, नंतर नव्हे, काकांचे हात फळीचं मागचं टोक किंचित डावीकडे देत होते. मागचं डावीकडे गेलं की पुढचं उजवीकडे येतं. प्रत्येक पावलाला, न चुकता. पुढचा माणूस डावीकडे झुकणार हे धरून चाललेलं ते आगाऊ उत्तर होतं. पुढच्याचा झोक सावरायला लागेल तेवढंच, आणि तो येण्याच्या क्षणाला तयार. फक्त मी झुकत नव्हते.

हे काम लहान मेंदू करतो. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, मुठीएवढा असतो. हालचाल सुरू करायचा हुकूम तो देत नाही. हुकूम आणि घडलेलं यांच्यातला फरक तो बघत राहतो आणि पुढच्या खेपेला तेवढी दुरुस्ती आधीच घालून ठेवतो. हे आपल्याला विचारून होत नाही. नवा चष्मा लावल्यावर पायरी चुकते आणि दोन दिवसांनी चुकेनाशी होते, ते त्याच्यामुळे. चष्मा काढला की पुन्हा चुकते, तेही त्याच्यामुळे.

मॅडम माझ्या खांद्यावरून आलेख बघत होत्या. "ह्यांच्यापुढे रोज कोण असतं?"

"माझे बाबा," मी म्हटलं.

मी खुर्ची मागे सरकवली. काका बाकावरून विचारत होते, "मग? सांगणार ना बाईंना? पाय ठीक आहेत म्हणून?"

बाबा यायला तयार नव्हते. "चुकला तो आणि तपासणी माझी? असला न्याय कुठे असतो?" शेवटी आईनं त्यांना आणलं, बाजाराला जाऊ म्हणून. इस्पितळाच्या दारात ते तिला म्हणाले, "भाजी छान दिसतेय इथली."

बोट नाकाला लावताना ते डाव्या गालाला लागलं. दुसऱ्यांदा नाकाजवळ येऊन बोट थरथरत घुटमळलं, कुलूप न सापडणाऱ्या किल्लीसारखं. रेघेवर ते तीन पावलं गेले आणि चौथ्याला भिंत धरावी लागली. मॅडमनी पुन्हा करायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, मी काचा वाहणारा माणूस आहे. दोरीवर चालायचा धंदा माझा नाही." पण आवाजात दम नव्हता.

काका दाराशी उभे राहून बघत होते. बाबांनी भिंत धरूनच त्यांच्याकडे पाहिलं.

"धाकट्या, आपले वडील असेच चालायचे ना रे?"

काकांनी मान डोलावली.

"त्यांच्या तोंडाला वास यायचा?"

"मी कधी जवळ गेलो नाही, दादा."

"मीही नाही," बाबा म्हणाले.

आजोबा कालव्यात पडून गेले. प्यायले होते असं गृहीत धरून घरातल्या कुणी त्यांच्यासाठी फारसं रडलं नाही, हे आईनं मला सांगितलं आहे. घरात बाटली मात्र कधी कुणाला सापडली नव्हती. लपवण्यात ते हुशार होते, असं त्या वेळी म्हटलं गेलं.

मेंदूच्या चित्रात लहान मेंदूच्या घड्यांमधल्या फटी रुंद झाल्या होत्या, डावीकडे जास्त. जुन्या वहीची पानं भिजून वाळल्यावर आकसून एकमेकांपासून सुटावीत तशा. मॅडमनी सांगितलं की हे वाढत जाणार, सावकाश, आणि परत फिरणार नाही. रक्ताची तपासणी झाली. आजार घराण्यातून आलेला निघाला. काकांच्या रक्तात तो नव्हता. माझं रक्त मी अजून दिलेलं नाही.

बाबांनी हे सगळं ऐकलं आणि मग एकच गोष्ट धरून बसले.

"धाकटा मागे असला की मला काही होत नाही. फुटली का एक तरी काच? मोज की. तुला मोजायची हौस आहे ना?"

मोजण्याजोगं होतंच, म्हणून मोजलं. टाके निघाल्यावर दोघांना पट्टीवर उभं केलं, मधे फळी. बाबा पुढे, काका मागे. ते निघाले आणि खोलीतल्या सगळ्यांनीच बोलणं थांबवलं. पडद्यावर बाबांचे ठिपके प्रत्येक डाव्या पावलाला बाहेर जात होते आणि काकांचे ठिपके ते जायच्या आधीच उलट बाजूला गेलेले असत. दोन्ही आकृत्या वेड्यावाकड्या. मधली फळी मात्र पाण्यावर ठेवल्यासारखी सरळ चालली होती. शेवटी फरक दोन सेंटिमीटर. मी आजवर त्या पट्टीवर पाहिलेली ती सर्वांत सुंदर चाल होती, आणि एकट्याला ती दोघांपैकी कुणालाच येत नव्हती.

"बघ," बाबा म्हणाले. "बघितलंस?"

"बघितलं."

"मग झालं तर. जोडी तोडायची नाही. दोघं मिळून आम्ही एक धड माणूस आहोत. मालकीणबाईंना सांग, ह्या दोघांना एकत्रच ठेवा."

मॅडमनी समजावलं. बाबांचा झोक वाढत जाणार. काकांचे हात त्याच्या मागे मागे जाणार, आणि एक दिवस पुरे पडणार नाहीत. तो दिवस आधी कळवून येणार नाही, आणि तेव्हा मधे प्लायवूड नसेल. दुसरं असं की काकांचे हात जितके बाबांशी जुळतील तितके ते बाकी कुणाबरोबरही चुकतील. बाबा काम सोडतील त्या दिवशी काकाही कामाचे राहणार नाहीत.

"मी चालवून घेईन," काका म्हणाले. "दादा आहे तोवर दादाबरोबर. पुढचं पुढे."

"आणि पुढे काय खाशील? काचेचा चुरा?" बाबा म्हणाले.

घरी जेवण झाल्यावर त्यांनी काकांना बोलावलं. "उद्यापासून पहिलवान पुढे. फळी घेऊन अंगणात सराव करा. काचेला हात लावायचा नाही, ही सांगेपर्यंत." ही म्हणजे मी.

"मला नाही जमणार."

"जमेल. तिच्याबरोबर बारा फेऱ्यांत जमलं होतं. कळतं मला, आलेख वाचता येत नसला तरी."

"दादा, तो कसा चालतो माहीत आहे का? कवायतीसारखा. अंगावर येतं."

"सरळ चालतो म्हण ना," बाबा म्हणाले.

मालकीणबाईंनी कारखान्याचं मागचं अंगण दिलं. मी जमिनीवर दहा मीटरची खडूची रेघ मारली, आणि कॅमेरे नव्हते म्हणून फळीच्या पुढच्या टोकाला ओळंबा बांधला. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला बांधून सोडतात, ते वजन. रेघ संपली की थांबायचं, ओळंबा टेकवायचा, टेपनं मोजायचं. पहिल्या सकाळी पंधरा सेंटिमीटर उजवीकडे. दुपारपर्यंत तीन. दुसऱ्या सकाळी पुन्हा दहा. झोपेत जुनी सवय थोडी परत येत होती, पण रोज कमी. काका अंगणातून घरी येत तेव्हा बाबांच्या खोलीत जात नसत. आई म्हणाली, "भावोजी बाहेरख्याली करून आल्यासारखे का वागतात?"

बाबा खिडकीशी बसू लागले. त्यांची सही मोठी होत गेली, शर्टाची बटणं आई लावू लागली. एकदा मला म्हणाले, "आपण वाकडे चालतोय हे मला कधी कळलंच नाही. फळी सरळ जायची ना. माणूस फळीकडेच बघतो."

ओळंबा सलग काही दिवस रेघेवरच टेकला तेव्हा मी मालकीणबाईंना सांगितलं. काका आणि पहिलवानानं त्या आठवड्यात नऊ काचा बसवल्या. मालकीणबाई आमच्या घरी आल्या, काकांना म्हणाल्या, "वास घेतला त्याचं मनात ठेवू नका," आणि उभ्या उभ्या निघून गेल्या. घडल्या त्या बऱ्या गोष्टींत ही एक.

त्यानंतर एका सकाळी बाबा काठी घेऊन कारखान्यात आले. एकटे, भिंतीच्या कडेकडेनं. आम्ही अंगणात होतो. खडूची रेघ अजून होती.

"फळी आण," ते काकांना म्हणाले.

"कशाला, दादा?"

"आण म्हणतो ना."

पहिलवानानं मला खूण केली, थांबवू का? मी नकारार्थी मान हलवली. बाबांनी काठी त्याच्या हातात दिली आणि पुढचं टोक धरलं, डाव्या हाताला ते दुसऱ्या प्रयत्नात सापडलं. काकांनी मागचं धरलं. काका माझ्याकडे बघत होते. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मला वाटतं बाबांनाही माहीत होतं.

ते निघाले. कुणी बोललं नाही. पहिली दोन पावलं फळी सरळ होती. तिसऱ्याला बाबा डावीकडे गेले आणि काकांचे हात जागेवरच राहिले. मग ते राहिले नाहीत, धावले, पण नंतर, झोक येऊन गेल्यावर. फळीनं हेलकावा घेतला. ओळंबा दोरीवर गोल फिरू लागला. बाबा थांबले नाहीत. मागे वळूनही बघितलं नाही. काकांचा चेहरा मला दिसत होता, बाबांना तो दिसत नव्हता.

रेघेच्या शेवटी दोघे उभे राहिले. बाबांना धाप लागली होती.

"अजून एकदा," काका म्हणाले. फळी हातात असताना ते बोलले, मी पहिल्यांदाच ऐकलं. "दादा, अजून एकदा चल. चार फेऱ्यांत हात बसेल माझा. गेलेला नाहीये तो. अजून आहे कुठेतरी."

"म्हणूनच नको," बाबा म्हणाले. "ठेव खाली."

फळी खाली ठेवली. पहिलवानानं काठी पुढे केली, ती बाबांनी घेतली नाही. ते रेघेच्या टोकाशी तसेच उभे होते, पाय फाकवून, एक हात काकांच्या खांद्यावर.

"लाव टेप," ते मला म्हणाले.

मी ओळंबा टेकला होता तिथे खडूनं खूण केली आणि रेघेपासून अंतर घेतलं. डावीकडे, एकोणचाळीस सेंटिमीटर.